लिलावानंतरचा मंगळवार

संपादकांनी फोनवर विषय विचारला. ‘फोरक्लोजर’ म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे गृहकर्ज मुदतीआधी फेडून टाकणं ना?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुण्या-मुंबईच्या बँकांत या शब्दाचा अर्थ तोच आहे: उरलेलं कर्ज एकरकमी भरायचं, घराचे कागद सोडवून आणायचे, देवापुढे पेढे ठेवायचे. बॉस्टनमध्ये हाच शब्द छापलेलं पाकीट दारात पडलं की घरावर सुतकाची कळा येते. इथे त्याचा अर्थ हप्ते थकले म्हणून तारण ठेवलेलं घर लिलावात जाणं.

या शहरात मी अशा घरमालकांची वकिली करते. गेल्या हिवाळ्यात हरलेली एक केस अजून मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

डॉर्चेस्टर, मॅटापॅन, रॉक्सबरी, ईस्ट बॉस्टन या वस्त्यांमध्ये तीन मजली लाकडी घरं दाटीने उभी आहेत. एका मजल्यावर मालक राहतो, बाकीचे दोन भाड्याने देतो आणि त्या भाड्यावर हप्ता ओढतो. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर अमेरिकी शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या आणि तिथे कर्ज मिळणं दुरापास्त झालं. 2000 नंतर अशाच वस्त्यांत दलाल दारोदार कर्ज घेऊन फिरू लागले. पहिली दोन वर्षं व्याज कमी, पुढे भरमसाट. ती दोन वर्षं संपेपर्यंत 2007 उजाडलं, घरांच्या किमती घसरल्या आणि जुनं कर्ज फेडून नवं घेण्याची वाट बंद झाली.

“ऐपत नव्हती तर घर घेतलं कशाला?” हा प्रश्न इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही हमखास येतो. उत्तर कुणी ऐकून घेत नाही, म्हणून छापून ठेवते. सबप्राइम म्हणवल्या गेलेल्या अशा कर्जांपैकी निम्म्याहून अधिक कर्जं घरखरेदीसाठी नव्हतीच. ती आधीपासून मालकीच्या असलेल्या घरावर पुन्हा काढलेली होती: छपरासाठी, आजारपणासाठी, अंगावरची देणी फेडण्यासाठी. घर त्यांना परवडत होतं. माथी मारलेलं कर्ज परवडलं नाही.

‘सिटी लाइफ/व्हिदा उर्बाना’ ही संघटना बॉस्टनच्या जमेका प्लेन भागात 1973 मध्ये भाडेकरूंच्या लढ्यातून उभी राहिली. लिलावांची लाट आली तेव्हा तिने घरमालकांनाही जवळ केलं. दर मंगळवारी संध्याकाळी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत बैठक भरू लागली. नवा माणूस उभा राहतो आणि बायकोलाही न सांगितलेली गोष्ट खोलीभर लोकांपुढे सांगतो. त्याला पहिली माहिती मिळते ती अशी: लिलाव झाला म्हणून घर सोडायचं नाही. ताब्यासाठी नव्या मालकाला न्यायालयात वेगळा दावा लावावा लागतो आणि त्या दाव्यात तुम्हाला बोलता येतं. हार्वर्डचे विधी विद्यार्थी हीच माहिती घेऊन लिलावात गेलेल्या घरांची दारं ठोठावत. बहुतेक कुटुंबं पहिल्या नोटिशीलाच सामान बांधायला घेत.

संघटनेच्या भाषेत या पद्धतीला ‘तलवार आणि ढाल’ म्हणतात. ढाल म्हणजे न्यायालयातला बचाव. तलवार म्हणजे बँकेच्या दारात निदर्शनं, वर्तमानपत्रांत बोभाटा आणि शेवटी ताबा घ्यायला माणसं आली की पायरीवर बसलेले शेजारी. 2009 मध्ये तिसरी गोष्ट जोडली गेली, ती पैशाची. ‘बॉस्टन कम्युनिटी कॅपिटल’ ही ना-नफा वित्तसंस्था लिलावात गेलेलं घर बँकेकडून पडलेल्या बाजारभावाने विकत घ्यायची आणि त्याच कुटुंबाला पेलेल असं नवं कर्ज देऊन परत विकायची.

यात एक अडसर होता. देशातली निम्म्याच्या आसपास गृहकर्जं ज्यांच्या पाठबळावर चालतात त्या ‘फॅनी मे’ आणि ‘फ्रेडी मॅक’ कंपन्या परक्या माणसाला घर बाजारभावाने विकत, पण जुन्या मालकाकडे ते परत जाणार असेल तर त्याच्याकडून पूर्ण कर्ज मागत. सूट दिली तर सगळेच हप्ते थांबवतील, ही भीती. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून अशी अडवणूक बेकायदा ठरवली. 2014 मध्ये राज्याच्या महान्यायवादी मार्था कोकली यांनी दोन्ही कंपन्यांवर दावा लावला आणि तो फेटाळला गेला. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या कंपन्यांच्या केंद्रीय नियंत्रकाने, तेव्हा त्यांच्या ताब्यात असलेल्या घरांसाठी, ही अट काढून टाकली. निकाल विरोधात जाऊनही नियम बदलला, यात मंगळवारच्या खोल्यांचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

आता ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ या वाक्याविषयी. ते ऐकलं की माझा संयम सुटतो, म्हणून थोडं सविस्तर.

मॅसॅच्युसेट्समध्ये लिलावासाठी कर्जाची छाननी करणारा न्यायाधीश लागत नाही. विक्रीचा अधिकार गहाणखतातच लिहिलेला असतो. सलग तीन आठवडे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मालकाला टपालाने पत्र आणि ठरल्या दिवशी लिलाव. एवढ्या मोठ्या अधिकाराला मुख्य कुंपण हे: नोटीस काढणाऱ्याकडे त्या दिवशी गहाणाचा हक्क असायला हवा. कर्जाला दोन कागद असतात. वचनचिठ्ठी सांगते, इतकं देणं आहे. गहाणखत सांगतं, त्यासाठी हे घर बांधलेलं आहे. भरभराटीच्या काळात हजारो कर्जांची मोट बांधून त्यावर रोखे विकले गेले. कर्ज चार-पाच हातांतून फिरलं, पण हस्तांतरणाचे दस्त कोरे राहिले किंवा झालेच नाहीत.

स्प्रिंगफील्डमधल्या दोन घरांचा लिलाव एकाच दिवशी, 5 जुलै 2007 रोजी झाला. घरं घेतली लिलाव लावणाऱ्या बँकांनीच. पुढे आपली मालकी पक्की करून घ्यायला त्या स्वतःहून न्यायालयात गेल्या. तिथे दिसलं की एका घराच्या गहाणाचं हस्तांतरण लिलावानंतर वर्ष उलटल्यावर लिहिलं गेलं होतं. दुसऱ्याचं दहा महिन्यांनी, आणि त्यावर ‘अंमलाची तारीख’ म्हणून लिलावाआधीचा दिवस घातला होता. 7 जानेवारी 2011 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही लिलाव अवैध ठरवले. हप्ते थकले होते, हे कुणीच नाकारलं नव्हतं. प्रश्न होता तो विकणाऱ्याच्या हक्काचा. खरेदीखत नावावर नसताना कुणी तुमची जमीन विकली, तर त्याला तुम्ही तांत्रिक मुद्दा म्हणाल का?

मराठी माणसाला हे निराळं सांगायला नको. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले आणि उठाव गावोगाव पसरला, तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. चार वर्षांनी आलेल्या दख्खनच्या कायद्याने न्यायालयांना कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावलं. आज भारतातही 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ शकते. साठ दिवसांची नोटीस येते, ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. गृहकर्ज असलेल्या किती घरांत हे दोन आकडे ठाऊक आहेत?

2011 च्या त्या निकालानंतर इथल्या बँका शहाण्या झाल्या. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने वचनचिठ्ठीचाही हक्क हवा असं सांगितलं, पण फक्त तिथून पुढच्या लिलावांसाठी. आता दस्त बहुधा सरळ असतात. गेल्या हिवाळ्यातल्या बाईंचेही होते.

वृद्धांची शुश्रूषा करून त्यांनी मधल्या मजल्यावर वीस वर्षं संसार केला होता. त्या आल्या तेव्हा लिलाव होऊन गेला होता. मंगळवारी बैठकीला जा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. “चर्चमधली माणसं असतील तिथे,” त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा विषय काढला नाही. पाच महिने मी दस्तांची साखळी उलगडत राहिले. एकही कडी तुटलेली निघाली नाही. पायरीवर बसायला शेजारी नव्हते, कारण त्यांना काही कळलंच नव्हतं. घर परत विकत घेण्याची बोलणी कुणी सुरूच केली नव्हती. माझ्या विद्येवरचा माझा विश्वास त्यांना महागात पडला का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते.

त्या आता दर मंगळवारी येतात, भाड्याच्या खोलीतून दोन बस बदलून. दाराजवळची खुर्ची धरतात, कारण नवा माणूस दारातूनच परत फिरतो. मागच्या महिन्यात एक जण असाच उंबऱ्यात घुटमळत होता, हातात न फोडलेलं पाकीट. बाईंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली, पाकीट मागून घेऊन फोडलं, लिलावाची तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोटाने दिवस मोजले. एकोणीस होते.