भोपाळच्या पावसात शेंगदाणे

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघाले तेव्हा पाऊस कोसळत होता. भोपाळला धाकट्या बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पाच किलो घरचे शेंगदाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घेतले. भोपाळलाही पाऊस होताच. बडा तलाव पाहण्यात, गप्पांत पिशवी कोपऱ्यातच राहिली. आठ-दहा दिवसांनी सोडली तर कुबट वास आणि दाण्यांवर हिरवट बुरशी!

"अक्का, धुऊन, भाजून चटणी करू या. अन्न टाकू नये," बहीण म्हणाली. आमची आईही हेच करायची. मी कढई चढवलीसुद्धा.

"मावशी, थांब!" भाचा म्हणाला. तो शेतकीचा पदवीधर. बेरसिया रोडवरच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेवरून जाताना त्याने सगळं समजावलं. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पेरणीच्या अवजारांइतकंच काढणीनंतर धान्य वाळवण्याचं, टिकवण्याचंही काम चालतं.

गहू साठवताना त्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. शेंगदाणा तेलकट, त्याला ७-८ टक्केच पुरे. पावसाळी हवेत सादळलेले दाणे मी तसेच बांधले आणि ओल आत कोंडली. अशा ओलीत वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्यावर बुरशी मरते, पण विष पूर्ण जात नाही. १९७४ च्या सुमारास राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. गरिबाघरचं तेच एक धान्य; टाकणार तरी कसं?

"मग गाईला घालू?" मी विचारलं.

"नको, ते दुधातून परत आपल्याच पोटात येईल."

मग लोणचं का टिकतं? त्यातलं पाणी मीठ धरून ठेवतं, बुरशीला मिळू देत नाही. पापड म्हणा की हप्पळ, संडगे म्हणा की संडिगे, चैत्राच्या उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय आजी डब्यात भरू द्यायची नाही. कारण सांगत नसे, पण नियम पक्का होता.

घरी आल्यावर भाच्याने सांगितलेला प्रयोग ज्वारीवर केला. कोरड्या बाटलीत मूठभर ज्वारी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवायचं. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटलं, तर धान्य अजून ओलं आहे. आमच्या बाटलीला चिकटलं. ज्वारी पुन्हा उन्हात पडली.

पाच किलो दाणे फेकताना मात्र हात जड झाला होता. पण घरात दोन लहान नातवंडं होती.