न्हाणे

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी, स्वामीमलै नावाचे गाव आहे. तेथील मुरुगनाच्या मंदिरात जाण्यासाठी साठ पायऱ्या चढाव्या लागतात. तमिळ पंचांगातील साठ संवत्सरांची ती खूण मानली जाते. मंदिराइतकीच या गावाची ख्याती आहे ती धातूच्या मूर्तींसाठी. येथील स्थपती आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओततात. नटराजाच्या मोकळ्या जटा घडवताना त्यांचे सारे कसब पणाला लागते. शेवटी चिंच आणि रिठ्याच्या पाण्याने घासून मूर्ती उजळली जाते.

हाच रिठा आणि त्याची सोबतीण शिकेकाई या परिसरातील घरांतून माणसांच्या केसांसाठीही पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. स्त्रियांनी मंगळवारी व शुक्रवारी, पुरुषांनी बुधवारी व शनिवारी तेल लावून न्हावे, असा तेथील जुना रिवाज. दिवाळीच्या पहाटे लोक एकमेकांना विचारतात, ‘गंगास्नान झाले का?’ मराठी माणसाला हे मुळीच परके वाटत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान त्यांना दोन्हीकडून लाभले. तमिळ ‘शीयक्काय’ आणि मराठी ‘शिकेकाई’ ही नावे तर सख्ख्या बहिणीच वाटतात.

मराठीने अंगाची ‘अंघोळ’ आणि डोक्यावरून ‘न्हाणे’ असा भेद जपला आहे. तो अर्थपूर्ण आहे. अंगावर चार तांबे पाणी घेतले की अंघोळ होते; न्हाण्याला मात्र वेळ आणि हात लागतात.

हा हात कसा असावा? मूर्ती घासून उजळते, म्हणून डोकेही खसाखसा घासावे, असे पुष्कळांना वाटते. येथेच चूक होते. धातूला घासलेले सोसते. माथ्याच्या त्वचेला सोसत नाही. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. त्वचेतून पाझरणारे तेल, घाम आणि धूळ यांचा थर माथ्यावर साचतो. म्हणून धुवायचा असतो तो मुख्यतः माथा. त्यासाठी नखे नकोत, बोटांची मऊ टोके पुरेत. पाणी कढत नको, कोमट असावे. शिकेकाई असो वा शांपू, आधी केस पुरते भिजवावेत आणि शेवटी भरपूर पाण्याने सारा अंश काढून टाकावा. ओला केस नाजूक असतो, तो ताणला की तुटतो. म्हणून टॉवेलने रगडू नये. पाणी टिपून घ्यावे आणि रुंद दातांच्या फणीने हलकेच गुंता सोडवावा.

जुने ते सारे सोने, असेही मानण्याचे कारण नाही. शिकेकाई डोळ्यांत गेली की किती झोंबते, हे लहानपणी न्हालेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. न्हाऊ घालताना तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल तर घातकच आहे. ते तेल फुफ्फुसात उतरून आजार होऊ शकतो. उलट नवे ते सारे वाईट, असेही नाही. ‘शांपू’ हा शब्दच मुळी आपल्या ‘चंपी’च्या गोतावळ्यातला, तो इंग्लंडला गेला आणि बाटलीत बसून परत आला. याच तमिळनाडूत, कडलूर येथे, १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी उद्योग सुरू केला आणि त्यांच्या चिक शांपूच्या छोट्या पुड्या खेडोपाडी पोचल्या. अख्खी बाटली घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्याही न्हाणीघरात शांपू आला.

पुडी स्वस्त झाली. वेळ मात्र स्वस्त झाला नाही. घराघरांत हेच दिसते. आई मुलांना न्हाऊ घालते, सासूबाईंच्या केसांना तेल लावते, पाहुण्यांसाठी बंब पेटवते. तिची पाळी येते तेव्हा पाणी निवलेले असते, चुलीवर भात असतो आणि कामावर जायची वेळ झालेली असते. घाईने दोन तांबे ओतून, ओल्या केसांचाच अंबाडा बांधून ती बाहेर पडते. माथा खाजतो, कोंडा होतो. ती ते कोणाला सांगत नाही.

केसांचे आरोग्य रिठ्यात की शांपूत, याचा वाद चालत राहील. पण आठवड्यातून एकदा घरातील कोणीतरी बादलीभर कोमट पाणी तिच्यासाठी राखून ठेवावे, आणि म्हणावे, ‘आज तू आधी न्हाऊन घे. भात मी बघतो.’ तिच्या केसांचे औषध कदाचित याच शब्दांत असेल.