अमर्याद

‘मर्यादा’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक अर्थ सीमा, आणि दुसरा रीतभात. म्हणूनच ‘अमर्याद’ हे विशेषण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी सहसा कौतुकाने आले नाही. अमर्याद वागणे म्हणजे ताळ सोडून वागणे, एवढेच त्यांना ठाऊक. इंटरनेटच्या जाहिरातींत मात्र आज हाच शब्द मोठ्या दिमाखाने मिरवतो आहे, आणि आपणही तो वाचून सुखावतो.

मी राहतो ते सुरत शहर मोजमापाचे आहे. इथे हिरा तोलताना कॅरटचा शंभरावा भागही कोणी सोडत नाही, आणि रिंग रोडवरच्या बाजारात कापडाच्या ताग्यात हातभर तूट आली तर व्यापारी ती लगेच दाखवून देतो. अशा गावात राहणाऱ्या माणसाने ‘अमर्याद म्हणजे नेमके किती?’ असा प्रश्न विचारावा, यात नवल ते काय?

उत्तर शोधू लागले की प्रथम लक्षात येते ते हे, की कंपनी आपल्याला दोन निरनिराळ्या गोष्टी विकत असते. एक वेग आणि दुसरे परिमाण. नळाची तोटी केवढी रुंद, हा वेग. महिनाभरात एकूण पाणी किती मिळणार, हे परिमाण. त्यात आणखी एक मौज अशी, की वेग मोजायचा बिटांत आणि परिमाण बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे शंभर मेगाबिटांची जोडणी सेकंदाला शंभर नव्हे, फार तर साडेबारा मेगाबाइट देते. शिवाय आपण जे मागवतो तेवढेच नव्हे, जे पाठवतो तेही बहुधा हिशेबात धरले जाते.

२००४ साली आपल्या सरकारने ब्रॉडबँडचे धोरण आखले, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले. त्या काळी महिन्याला ४०० मेगाबाइट देणाऱ्या योजना होत्या. गणित करून पाहिले तर पूर्ण वेगाने हा शिधा साडेतीन तासांत संपतो! उरलेला महिना उपवासाचा, नाहीतर जादा पैशांचा. भारत संचार निगमच्या एका योजनेत रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंतचा वापर मोजलाच जात नसे. तेव्हा घराघरांतली मुले गजर लावून उठत. मला ती सोय पुष्कळशी न्यायाची वाटते. वाहिनी साऱ्या वस्तीची सामाईक. गर्दी होते ती संध्याकाळी. पहाटे तीनला कोणी कितीही उतरवून घेतले, तरी शेजाऱ्याचे काय जाते? महिन्याच्या एकूण बेरजेवर घातलेले बंधन हा भेद ओळखत नाही.

पुढे ‘न्याय्य वापर’ असे गोंडस नाव घेऊन दुसरी रीत आली. ठरलेले परिमाण संपले की जोडणी तुटत नाही, फक्त वेग उतरतो. तो किती उतरावा याला धरबंध नव्हता. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बजावले, की घरगुती ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ किलोबिटांखाली जाऊ नये, आणि मर्यादा किती व तिच्यानंतरचा वेग किती हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. या ५१२ किलोबिटांत एक गिगाबाइट उतरायला सव्वाचार तासांहून अधिक वेळ लागतो. बोलणे मात्र त्यात आरामात मावते. अडते ते चित्र.

हे मला कळले ते आईमुळे. तिची धाकटी बहीण म्हापशाला. दोघी रोज संध्याकाळी एकमेकींचे तोंड पाहून कोंकणीत बोलत. आमच्या तेव्हाच्या योजनेत महिन्याचे शंभर गिगाबाइट होते, आणि पंचविशी उलटली की मावशीचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठून राही. २०२० च्या पावसाळ्यात मावशी आजारी पडली, आणि टाळेबंदीमुळे आईला जाता येईना. तेव्हा नातवाने कोणी न सांगता आपले चित्रपट पाहणे थांबवले. तासाभराच्या स्वच्छ चित्रपटाला तीन गिगाबाइट लागतात, हे त्याला पाठ होते. ते त्याने आजीसाठी राखून ठेवले. तरीही एके दिवशी हिशेब संपलाच. त्याने चित्र बंद करून नुसता आवाज चालू ठेवला. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तुजो आवाज आयकूं येता, पुरो.”

या आठवणीवरून मर्यादेचे गोडवे गाणे मला सोपे आहे. पण त्याच महिन्यांत लिंबायतेतल्या एका खानदेशी कुटुंबाची हकीकत मी जवळून पाहत होतो. वडील मागावर कामाला, घरी एकच फोन, आणि दिवसाला दीड गिगाबाइट. दोन मुलांचे वर्ग त्यातच. दुपार होईपर्यंत तो साठा आटे. मोठी मुलगी रात्री बारा वाजायची वाट पाहत जागी राही, कारण तेव्हा नवा दिवस आणि नवा शिधा सुरू होई. मग ती दुसऱ्या दिवसाचे धडे उतरवून घेई. आमच्या घरी जी मर्यादा रीतभात शिकवत होती, तीच तिच्या घरी भिंत होऊन उभी होती. उणिवेतून सद्गुण उपजतात हे खरे. पण म्हणून दुसऱ्याच्या उणिवेचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

२०२० सालीच जिओ आणि एअरटेल यांच्या घरगुती ‘अमर्याद’ योजना आल्या. अटींच्या बारीक अक्षरांत त्यांचीही मर्यादा होती, महिन्याला सुमारे ३,३०० गिगाबाइट. सामान्य कुटुंबाला ती संपवणे कठीण, हे मान्य. तरीही शंभर मेगाबिटांच्या जोडणीने अखंड उतरवत राहिले तर ती साधारण तीन दिवसांत संपते. म्हणजे आकडा आहेच. फक्त तो दूर गेला आहे.

माझी तक्रार त्या आकड्याशी नाही. वाहिनी सामाईक आहे, तिथे सीमा असणारच. तक्रार एवढीच, की सीमा असताना ‘अमर्याद’ म्हणू नये. एके काळी सुरतेची हुंडी दूरदूर चाले ती लिहिलेल्या शब्दाच्या भरवशावर. ज्या आकाराच्या अक्षरांत तो शब्द छापतात, त्याच आकाराच्या अक्षरांत आकडाही छापावा, म्हणजे लिंबायतेतल्या त्या मुलीलाही पैसे देण्यापूर्वी तो वाचता येईल. आणि आपल्यापुरते म्हणाल, तर किती पुरे हे ठरवण्याचे काम कोणत्याही कंपनीवर सोपवू नये. त्यासाठी मराठीत ‘पुरे’ आणि कोंकणीत ‘पुरो’ असा शब्द आपल्यापाशी पूर्वीपासून आहे.