‘अजून’ या शब्दाविषयी

‘अजून’ हा शब्द दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. पाऊस अजून आला नाही, दूध अजून तापले नाही, अण्णा अजून परतले नाहीत. पण या तिन्ही वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाऊस येणार आहे, दूध तापणार आहे, अण्णा परतणार आहेत; उशीर झाला आहे, इतकेच. आमच्या सदाशिव पेठेत गेली चार वर्षे हा शब्द माझ्या वाट्याला येतो आहे. “अजून तुला कोणी भेटला नसेल गं,” असे मैत्रिणी म्हणतात. “अजून तिला समज नाही,” असे आई नातेवाइकांना सांगते.

माझे वय एकवीस. मला माणसे आवडतात, गप्पा आवडतात, मैत्रिणींच्या प्रेमप्रकरणांत निरोप्याचे कामही मी आवडीने करते. पण ज्या ओढीवर आमच्या अभ्यासक्रमातील निम्मी कविता उभी आहे, ती शरीराची ओढ मला कोणाविषयीच वाटलेली नाही; मुलाविषयी नाही आणि मुलीविषयीही नाही. याला अलैंगिकता म्हणतात, हे मला सतराव्या वर्षी कळले. ते व्रत नव्हे, आजार नव्हे आणि माणसांचा तिटकाराही नव्हे.

व्रत आपल्याला चांगले समजते. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच निघून गेलेल्या समर्थांची कथा घरोघरी सांगितली जाते. आमच्याच पेठेत १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. त्या मंडळाशी जन्मभर जोडलेले महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार अविवाहित राहिले, आणि पुण्याने त्यांचा आदरच केला. अशा थोरांना आज एखादे नवे नाव चिकटवावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या मनात काय होते, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, इच्छा जिंकणाऱ्याला आपल्याकडे नाव आहे, मान आहे. जिंकण्याजोगी इच्छाच ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठी मात्र ‘अजून’ हा एकच शब्द शिल्लक उरतो.

हे सारे मी माझ्या आत्याशी बोलले. आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. शाळेत शिकवून निवृत्त झाली, लग्न केले नाही. “स्थळं आली होती की,” ती म्हणाली, “वडील म्हणायचे, हिला अजून कळत नाही. मला कळत होतं. नको होतं, एवढंच.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पण तुला खरं सांगते. त्रेचाळिसाव्या वर्षी एक गृहस्थ आवडले. अगदी तुमच्या कवितेतल्यासारखे. दोन-अडीच वर्षं. त्यांना काही बोलले नाही. मग ते ओसरलं आणि मी पुन्हा होते तशी झाले.”

मला धक्का बसला. मी म्हटले, “म्हणजे आजोबांचं ‘अजून’ खरंच ठरलं की!”

“खरं कसं ठरेल? बाविसाव्या वर्षी त्यांनी माझं लग्न लावून दिलं असतं, तर मधली एकवीस वर्षं मी कुठे काढली असती? आणि त्या माणसानं तरी कुठे काढली असती?”

या प्रश्नाने मला पुष्कळ विचार करायला लावला. जन्मभर अशीच राहीन, असे मी म्हटले, तर जे मला ठाऊक नाही त्याची हमी दिल्यासारखे होते. कदाचित बदलेल, असे म्हटले, तर आई लगेच पत्रिका बाहेर काढते. पण हा पेच फक्त माझ्यासारखीलाच का पडावा? मांडवात उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाला कोणी विचारीत नाही, “बाबा रे, तुझी ही आवड पंधरा वर्षांनी टिकेल ना?” त्याचे आजचे मन सर्वांना पुरेसे वाटते.

शास्त्र काय सांगते, तेही मी वाचून पाहिले. अमेरिकेतील किन्से यांनी १९४८ साली लोकांच्या लैंगिक कलाची मोजपट्टी केली, तेव्हा तिच्यात न बसणाऱ्यांसाठी ‘एक्स’ नावाचा वेगळा रकाना ठेवावा लागला. २००४ साली कॅनडाच्या अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील १८ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली. त्यांत सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीही कधी लैंगिक आकर्षण वाटले नाही, असे सांगितले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या नियमपुस्तकाप्रमाणे, जो माणूस स्वतःला अलैंगिक समजतो त्याच्या इच्छा नसण्याला विकार म्हणायचे नाही. लिसा डायमंड यांनी समलिंगी, उभयलिंगी व स्वतःला कोणतेच नाव न देणाऱ्या सुमारे १०० स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेतला आणि २००८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांपैकी बहुतेकींनी स्वतःचे नाव एकदा तरी बदलले होते. पण आपोआप बदलणे वेगळे आणि कोणी ठरवून बदलवणे वेगळे, हेही डायमंड यांनी आवर्जून सांगितले आहे. आत्याला मात्र ते पुस्तक न वाचताच कळले होते.

आमच्याकडे ‘लग्न झालं की सगळं होतं’ असे म्हणतात. झाले नाही तर? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न आल्यास विवाह रद्द करवून घेण्याची सोय आहे. जोडीदाराने सबळ कारणावाचून दीर्घकाळ संबंध नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटले. म्हणजे ‘अजून’च्या भरवशावर लावलेल्या लग्नाचा निकाल शेवटी कोर्टात लागायचा, आणि तोवर दोन माणसे होरपळायची. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून, खटले सोसून, इच्छा असणे हे पाप नव्हे, असे मराठी माणसाला सांगितले. इच्छा नसणे हा दोष नव्हे, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवे.

गेल्या दिवाळीत एक स्थळ आले, तेव्हा मी आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि उद्या बदललं तर?”

मी म्हटले, “बदललं तर सगळ्यांत आधी तुला सांगेन. पण आज नाही म्हणते आहे, ते आजचं खरं आहे. ते उशीर म्हणून मोजू नकोस.”

आईने त्या लोकांना नकार कळवला. माझी पत्रिका कपाटात आहे तशीच आहे. हे बोलणे आम्हा दोघींत पुन्हा निघणार, हे मला ठाऊक आहे. निघाले, तर मी हेच सांगेन.