हुमनाबादची वरात

बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाली आणि हुमनाबाद आम्हा बीदरकरांना अधिकच जवळ आलं. मागच्या हिवाळ्यात त्याच गाडीनं एका लग्नाला गेलो. लग्न माझ्या कॉलेजातल्या मित्राच्या मुलीचं. मित्र मात्र तीन वर्षांपूर्वीच गेला. खिडकीबाहेर तुरीची रानं मागं पडत होती आणि मला आमच्या वराती आठवत होत्या.

२००६ साली 'जत्रा' सिनेमा आला. अजय-अतुलची चाल, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचा आवाज! भालकी असो की बसवकल्याण, 'कोंबडी पळाली' वाजल्याशिवाय वरात पुढं सरकायची नाही. आम्ही तेव्हा तिशीतले. ही मुलगी जेमतेम तीन वर्षांची. मित्र तिला खांद्यावर बसवून नाचायचा आणि ती वरून टाळ्या पिटायची. वहिनी ओरडायच्या, "अहो, पोरगी पडेल की!" पण ऐकतो कोण?

हुमनाबादला उतरलो. मुलाकडची मंडळी कानडी, आपली मराठी. आमच्याकडं यात नवल काही नाही. जवळच माणिकनगर आहे. तिथल्या माणिकप्रभूंनी दीडशे वर्षांपूर्वीच मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांत पदं रचून ठेवली आहेत.

संध्याकाळी वरात निघाली. मुलाच्या मित्रांनी 'झिंगाट' लावायला सांगितलं, तेही कानडीतलं. 'सैराट' २०१६ चा. दुसऱ्याच वर्षी तो 'मनसु मल्लिगे' नावानं कानडीत आला. चाली अजय-अतुलच्याच आणि नायिकाही तीच, आपली रिंकू राजगुरू. त्यामुळं मराठी पोरांचेही पाय थांबेनात. शब्द ज्याचे त्यानं आपापल्या भाषेत म्हटले.

मी कडेला, पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळत उभा. हल्ली गुडघे कुरकुरतात. शिवाय ज्याच्या जोडीनं नाचायचो, तोच नाही. एवढ्यात बँजो थांबला आणि 'कोंबडी पळाली' सुरू झालं. मी चमकलो. या पोरांना हे जुनं गाणं कुणी सांगितलं?

नवरीनं गाडीची काच खाली केली. म्हणाली, "काका, बाबांचं गाणं आहे. मीच लावायला सांगितलं. आता तुम्ही नाचायचं."

माझे पाय काही हलेनात. मग नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावानं हात धरला, "बर्री काका!" काका हा शब्द तिकडंही काकाच.

मी पिशव्या वहिनींच्या हाती दिल्या आणि नाचलो. पहिल्या कडव्यातच धाप लागली. गाडीकडं पाहिलं, तर नवरी रडत होती आणि रडता रडता टाळ्या पिटत होती... अगदी तशाच, खांद्यावरून पिटायची तशा.