चेऊलची ओहोटी

चेऊलला लागून असलेल्या रेवदंड्याच्या कोटात शिरलं की समुद्राआधी पोफळी भेटतात. जिथे पोर्तुगीजांचं शहर होतं, तिथे आता वाड्यांना पाटाने पाणी जातं. सातखणी मनोऱ्याचे वरचे खण कधीच ढासळले. नाव अजून सात मोजतं, डोळ्यांना तेवढे सापडत नाहीत.

चेऊलचं सगळंच असं. नावं भरपूर, गाव थोडं. लोकांनी चंपावती म्हटलं, ग्रीकांनी सेमिल्ला, अरबांनी सैमूर. आलेलं प्रत्येक गलबत इथलं कापड घेऊन गेलं आणि जाताना एक नाव ठेवून गेलं. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी आला. त्याला इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान नांदताना दिसले. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन उतरला, तो याच किनाऱ्याला. १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी इथे पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो त्या लढाईत पडला. १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा पडला, तोही बंदराने सोसला.

तोफांनी जे बुडालं नाही, ते कुंडलिकेच्या गाळाने बुडवलं. लढाईचं साल सांगता येतं. गाळाला साल नसतं. दर पावसाळ्यात नदी ओंजळभर माती आणून टाकत राहिली आणि उत्तरेला मुंबई वाढत राहिली. मोठी गलबतं तिकडे वळली. त्यांच्यामागोमाग रेशीम विणणारे हातही गेले. १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती कोट आला, तोवर बंदराचा बहर ओसरला होता.

खाडीपलीकडे कोर्लईत काही घरांत अजून पोर्तुगीजातून उपजलेली बोली बोलतात. तिला म्हणतात ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. राजा गेला, आरमार गेलं. त्या भाषेला कुणी कळवलंच नाही. आई त्याच शब्दांत पोरांना जेवायला हाक मारते.

आणि मुंबईत कधी एखादा चेऊलकर भेटतो. गाव कुठलं, विचारलं तर म्हणतो, “अलिबागजवळ.”

होर्मुझहून निघालेल्या तांडेलाला जी जागा कुणी सांगावी लागत नव्हती, ती आता शेजारच्या गावाचं बोट धरून सांगावी लागते.