काट्यावरची वही

कचरा डेपोवर बदली झाली म्हटल्यावर घरच्यांनी आधी वासाचं विचारलं. वासाला नाक सरावतं. मला वैताग आणला तो नोंदवह्यांनी.

मी तेव्हा एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता होतो. कागदावर त्या जागेचं नाव शास्त्रोक्त भूभराव क्षेत्र, गावाच्या तोंडी मात्र डेपोच. पत्र्याच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात वह्या रचलेल्या होत्या. वजनकाट्याची, मुरुमाच्या थराची, लीचेटच्या म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या तळ्यातल्या पातळीची, निरीक्षण विहिरींच्या पाण्याची, आगीची. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे डेपो चालवणाऱ्याने 30 एप्रिलपर्यंत नमुना 3 मध्ये नगरपरिषदेला वार्षिक अहवाल द्यायचा आणि नगरपरिषदेने 30 जूनपर्यंत नमुना 4 मध्ये तो पुढे पाठवायचा. त्यातले आकडे याच कपाटातून निघायचे. मी पदभार घेतला तेव्हा वह्या फार देखण्या होत्या. एकच शाई, एकच अक्षर, खाडाखोड नाही. उन्हाळा-पावसाळा एकाच बैठकीत उरकल्यासारखा.

पावसाळा संपल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकारी तपासणीला आल्या. आम्ही ढिगापर्यंतचा रस्ता झाडून घेतला होता, पावडर मारून ठेवली होती. मॅडम केबिनमध्येच बसल्या आणि काट्याची वही मागितली. त्यांनी जुलैचं पान काढलं, फेब्रुवारीचं काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. त्याच गाड्या, जवळपास तीच वजनं.

"पावसात कचरा भिजला नाही का तुमच्याकडे?"

मी गप्प. काट्यावरचे काका दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, जुलैत काटा बरेच दिवस बंदच होता. खालच्या खड्ड्यात पाणी भरतं, मग आकडा नाचायला लागतो."

"मग तसं लिहा ना. काटा बंद, वजन अंदाजे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. असं लिहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. वजनमापे विभागाचा शिक्का मॅडमनी पाहिला, तो मुदतीत होता. मग गाड्यांची रिकामी वजनं शेवटची कधी घेतली, हे विचारलं. हा प्रश्न वरवर साधा, पण ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथे सगळी गोम रिकाम्या वजनातच असते. भरून जाताना ड्रायव्हर आणि दोन हेल्पर गाडीत, रिकामी येताना खाली उतरलेले, एवढ्यानेही आकडा सरकतो. कचऱ्याखाली राडारोडा दडपला तर विचारायलाच नको.

खरी करमणूक मुरुमाच्या वहीत झाली. दिवसाचं काम संपलं की कचऱ्यावर निदान 10 सेंटीमीटरचा थर द्यायचा, असा नियम होता. वहीत रोज तीच ओळ: 'दहा गुंठे क्षेत्रावर थर दिला.' मॅडमनी पेन मागितलं आणि वहीच्या पुठ्ठ्यावरच हिशेब मांडला. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. त्यावर 10 सेंटीमीटर म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजे पस्तीसेक ब्रास. तीन ब्रासचा डंपर धरला तरी रोज बारा खेपा. "मुरुमाची बिलं दाखवा." बिलांत महिन्याचा म्हणून जो मुरूम होता, तो वहीतल्या तीन दिवसांनाही पुरला नसता. मला हसू येत होतं आणि घामही फुटत होता. वहीची पानं माझ्या आधीची असली तरी आता कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

निरीक्षण विहिरी आम्ही भराभर पाहिल्या. डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायचं असायचं. आमच्याकडे तिन्ही अहवाल होते, पण एका विहिरीचं झाकण इतकं गंजलं होतं की ते काढायला पहार लागली. यातून नमुना नेमका कधी काढला होता, हे मॅडमनी विचारलं नाही. नुसतं टिपून घेतलं.

आगीची वही कोरी होती. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनार पेटलं, धूर शहरभर पसरला. तेव्हापासून आमच्यासारख्या लहान गावांतही 'आग' हा शब्द लिहायला कुणी धजत नव्हतं. मॅडमनी अग्निशमन दलाचं वर्दीचं रजिस्टर मागवलं. एप्रिल-मे महिन्यांत डेपोच्या वर्द्या ओळीने लागलेल्या. माझ्या मते संपूर्ण तपासणीत हाताला लागलेला खरा कागद तेवढाच, कारण तो लिहिणाऱ्याला डेपोचं काही लपवायचं नव्हतं.

रीतसर नोटीस आली. मुदतीत खुलासा गेला. काट्याच्या खड्ड्याला पंप बसला, रिकामी वजनं नव्याने घेतली आणि काकांनी वहीत 'शेरा' नावाचा रकाना आखला. त्यात ते मनापासून लिहायचे: 'दुपारी वीज नाही. दोन गाड्या न मोजता सोडल्या.' 'गाडीत विटांचे तुकडे, परत पाठवली.' 'उत्तरेकडे धूर, टँकर बोलावला.' वही घाणेरडी दिसू लागली आणि मला ती आवडू लागली.

वर्षअखेरीस नमुना 4 भरला तेव्हा कचऱ्याचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा बराच खाली आला होता. सर्वसाधारण सभेत एका सदस्याने विचारलं, "गाव वाढलं आणि कचरा घटला, हे कसं काय?" ठेकेदाराचं बिलही त्याच प्रमाणात उतरलं होतं, त्यामुळे प्रश्नाचा रोख नुसत्या कुतूहलाचा नव्हता. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, कचरा तेवढाच आहे, मोजायला आत्ता लागलो. सभेने लेखी खुलासा मागितला. दिला, सोबत काकांच्या शेऱ्यांच्या झेरॉक्स जोडल्या.